घशातला आरसा

आपल्या भाषेत गळ्याचं संस्थान फार मोठं आहे. आपण गळ्याची शपथ घेतो, गळ्यात गळे घालतो, गळा काढून रडतो, कुणाच्या तरी गळ्यातला ताईत होतो. पोरगा वयात आला की त्याला कंठ फुटतो आणि सभा लांबली की पुढाऱ्याचा घसा बसतो. एवढा सगळा संसार ज्या जागेवर उभा आहे, ती जागा बोलताना, गाताना नेमकी कशी हलते, हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुणी नीट पाहिलंच नव्हतं. वैद्यांनी मढ्यांचे घसे फाडून पाहिले होते. पण मढं बोलत नाही.

आज त्या जागेची गोष्ट सांगायची आहे. मी बी. ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. वैद्यकाशी माझा संबंध औषधांच्या दुकानापुरता. तरी या गोष्टीवर माझा थोडा हक्क आहे असं मला वाटतं, कारण हा घसा जगाला दाखवला तो डॉक्टरने नव्हे, एका गाण्याच्या मास्तराने.

डोळ्यांना दिसत नव्हता, तरी माणसाने घसा कानाने ओळखला होता, हेही सांगायला हवं. लहानपणी आम्ही सकाळी मकतबात जायचो आणि नंतर जिल्हा परिषदेच्या शाळेत. मकतबात हाफिजसाहेब ‘ऐन’ हे अक्षर शिकवताना आमचंच बोट आमच्या गळ्यावर ठेवायला लावत आणि ते खोलवरून आलं नाही तर पुन्हा म्हणायला सांगत. शाळेत गुरुजी क-ख-ग-घ कंठ्य, च-छ-ज-झ तालव्य असं घोकून घेत. दोन्हीकडे प्रवास एकच, घशापासून ओठांपर्यंत. आपली वर्णमाला त्याच वाटेने चालते. आठव्या शतकात बसऱ्याला खलील इब्न अहमद नावाचा पंडित होता. अरबी कवितेचं वृत्तशास्त्र त्यानेच बांधलं, म्हणजे आम्हा गझलवाल्यांचा तो मूळपुरुष. त्याने अरबी भाषेचा कोश रचला तेव्हा अक्षरांचा रूढ क्रम सोडून दिला आणि घशातल्या ‘ऐन’पासून सुरुवात करून ओठांपर्यंत आला. कोशाचं नावच ‘किताब-अल-ऐन’. ही कल्पना त्याला हिंदुस्थानी वर्णमालेवरून सुचली काय, यावर विद्वानांनी बरीच चर्चा केली आहे. माझ्यापुरतं सांगायचं, तर मला दोन्ही ठिकाणी एकाच गोष्टीसाठी कान पिळून घ्यावे लागले.

वैद्यकाच्या बाजूने पहिलं मोठं काम दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याचं. रोममध्ये प्रतिष्ठित मंडळींना जमवून त्याने एक प्रयोग केला. एक डुक्कर बांधून ठेवलं. ते जिवाच्या आकांताने ओरडत होतं. गेलनने त्याच्या मानेतल्या दोन बारीक नसा बंद केल्या, आणि डुकराची धडपड तशीच चालू राहिली पण आवाज बंद झाला. बुद्धी आणि वाणी हृदयातून येते असं मानणारे मोठे लोक त्या काळी होते. गेलनने दाखवून दिलं की आवाजाचा हुकूम मेंदूतून सुटतो आणि या नसांवाटे घशात पोचतो. या नसांचा मार्गही विलक्षण आहे. डावी नस मेंदूकडून निघते, घशाच्या शेजारून खाली छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर घशात येते. सांगलीहून मिरजेला जायचं आणि वाटेत पुणं करायचं, असा प्रकार. म्हणून आवाज बसलेल्या माणसाच्या छातीचाही फोटो डॉक्टर कधी कधी काढायला लावतात. दुखणं छातीत असतं आणि त्याची तक्रार घसा करतो.

पुढची शतकं मी भरभर ओलांडतो. १७४१ मध्ये पॅरिसला फेरेन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने मृतदेहांच्या स्वरयंत्रात हवा फुंकून आवाज काढला आणि आतल्या दोन पट्ट्यांना व्हायोलिनच्या तारांची उपमा दिली. तेव्हापासून त्यांना ‘तारा’ म्हणायची पद्धत पडली. आपणही स्वरतंतू, स्वररज्जू म्हणतो. खरं तर त्या तारा नाहीत. ओठांसारख्या मऊ, ओलसर घड्या आहेत. साधं बोलताना पुरुषाच्या घड्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि बाईच्या साधारण दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात. १९७४ मध्ये जपानच्या मिनोरू हिरानो यांनी त्यांचे थर उलगडून दाखवले. आत स्नायूचं अंग आणि वर सैल, मऊ वेष्टन. फुप्फुसातून येणाऱ्या हवेवर लाट उठते ती या वेष्टनात. उपमा चुकली तरी ती भाषेत कशी टिकून राहते, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

आता आपला गाण्याचा मास्तर. त्याचं नाव मॅन्युएल गार्सिया. जन्म १८०५ चा, घराणं स्पेनचं. ‘घराणं’ हा शब्द मी आपल्या संगीतातल्या अर्थानेच वापरतो. बाप त्या काळचा नामांकित गायक, रोसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या संगीतिकेत नायकाची भूमिका पहिल्यांदा गाणारा. एक बहीण मारिया मालिब्रान, जिने सगळ्या युरोपला वेड लावलं आणि जी अठ्ठाविसाव्या वर्षी वारली. दुसरी बहीण पॉलीन व्हियार्दो, तीही तेवढीच मोठी. अशा घरात या मुलाचा आवाज मात्र ऐन उमेदीत थकला. त्याने रंगमंच सोडला, काही काळ फ्रेंच लष्कराच्या इस्पितळांत काम केलं, शरीरशास्त्र वाचलं आणि गाणं शिकवायला बसला.

स्वतःचा आवाज गेलेला माणूस दुसऱ्याच्या आवाजाकडे कसा बघत असेल? १८४१ मध्ये स्वीडनची तरुण गायिका जेनी लिंड त्याच्याकडे आली. गाऊन गाऊन तिचा घसा पार खरडून निघाला होता. गार्सियाने तिला लगेच गाणं शिकवलं नाही. त्याने तिला कित्येक आठवडे गप्प बसवलं. पुढे हीच बाई ‘स्वीडनची कोकिळा’ म्हणून जगभर गाजली. आवाजाला विश्रांती हेच औषध, हे आज वाचा-उपचारतज्ज्ञ सांगतात ते या मास्तराला केव्हाच उमगलं होतं.

पण शिष्यांच्या घशात काय चाललंय ते दिसत नाही, ही खंत त्याला होतीच. १८४८ पासून तो लंडनला शिकवत होता. १८५४ च्या सप्टेंबरात तो पॅरिसला आला असताना पॅले-रॉयालच्या आवारात फिरत होता. समोरच्या खिडक्यांच्या तावदानांवर ऊन चमकलं, आणि त्याच्या डोळ्यांपुढे एकदम दोन आरसे उभे राहिले. तो तडक शारिएर नावाच्या शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्याकडे गेला. तिथे लांब दांड्याचा, दातांच्या वैद्यासाठी केलेला एक छोटा आरसा पडून होता. सहा फ्रँकला तो घेतला आणि घरी आला. आरसा कोमट पाण्यात धरून पुसला, म्हणजे श्वासाने त्यावर वाफ धरणार नाही, आणि पडजिभेला टेकवला. दुसऱ्या हातातल्या आरशाने उन्हाचा कवडसा तोंडात पाडला. आणि त्याला स्वतःचं स्वरयंत्र दिसलं, उघडं, हलणारं, जिवंत!

असा प्रयत्न आधी कुणी केलाच नव्हता असं नाही. लंडनच्या बॅबिंग्टन या डॉक्टरने १८२९ मध्ये असंच एक साधन दाखवलं होतं, पण ते मागे पडलं. गार्सियाला त्याचा पत्ता नव्हता. १८५५ मध्ये त्याने आपलं निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवलं. डॉक्टरांनी फारशी दखल घेतली नाही. गाण्याच्या मास्तराने घशाबद्दल बोलावं म्हणजे काय!

दोनच वर्षांनी व्हिएन्नाच्या ट्युर्क नावाच्या डॉक्टरने इस्पितळात आरसे वापरायला सुरुवात केली. हिवाळा आला, ऊन गेलं, त्याने ते बाजूला ठेवले. चेर्माक नावाच्या प्राध्यापकाने ते मागून नेले आणि उन्हाऐवजी दिव्याचा उजेड अंतर्गोल आरशाने घशात पाडला. झालं काम. रात्र असो, ढग असो, घसा दिसायला लागला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरच्या कपाळावर गोल आरसा आपण चित्रांत पाहत आलो, तो याच अंतर्गोल आरशाचा वारस. पुढे श्रेय कुणाचं यावर दोघांत इतकी जुंपली की लोक त्या भांडणाला ‘तुर्की युद्ध’ म्हणू लागले, ट्युर्कच्या नावावरून. गार्सिया त्यात पडला नाही. तो लंडनला गाणं शिकवत राहिला, नव्वदीपर्यंत. १९०५ मध्ये त्याची शंभरी लंडनमध्ये साजरी झाली तेव्हा राजांनी पदकं पाठवली आणि ज्यांच्या आधीच्या पिढीने कानाडोळा केला होता ते डॉक्टर देशोदेशींहून त्याला मुजरा करायला आले. त्यानंतर वर्षभराने तो वारला.

आरशाने घसा दिसू लागला, पण दिसणं म्हणजे कळणं नव्हे. याचा सगळ्यात मोठा दाखला जर्मनीचा. १८८७ मध्ये युवराज फ्रेडरिकचा आवाज बसला आणि उतरेना. जर्मन डॉक्टरांना कर्करोगाचा संशय आला. त्यांनी बाहेरून घसा उघडून गाठ काढायची तयारी केली. तेवढ्यात लंडनहून मोरेल मॅकेन्झी या नावाजलेल्या घसातज्ज्ञाला बोलावलं गेलं. त्याने आरशाच्या मदतीने गाठीचे तुकडे काढून फिरखो या थोर शास्त्रज्ञाकडे तपासायला पाठवले. त्या तुकड्यांत कर्करोग सापडला नाही. शस्त्रक्रिया थांबली. महिने गेले, आणि कर्करोगच निघाला. आता अख्खं स्वरयंत्र काढायचं की नाही, हा प्रश्न युवराजापुढे ठेवला गेला. त्याने नकार दिला. १८८८ च्या फेब्रुवारीत श्वासासाठी त्याच्या गळ्याला भोक पाडावं लागलं. मार्चमध्ये तो सम्राट झाला आणि नव्व्याण्णव दिवसांनी वारला. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा धनी संपूर्ण कारकीर्दभर चिठ्ठ्या लिहून बोलला. त्याच्यामागून गादीवर आला तो कैसर विल्हेल्म, १९१४ च्या महायुद्धातला. उदारमतवादी बाप जगला असता तर, हा प्रश्न इतिहासकार अजून घोळवतात. इतिहासात जर-तरला जागा नसते म्हणतात. पण तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर घसा दाखवून घ्या, हा जो नियम आज डॉक्टर सांगतात, त्याला नक्कीच जागा आहे.

ज्या शस्त्रक्रियेला युवराज नाही म्हणाला, ती चौदा वर्षांपूर्वी व्हिएन्नात झाली होती. १८७३ च्या ३१ डिसेंबरला बिलरोथ या शल्यवैद्याने छत्तीस वर्षांच्या एका धर्मशिक्षकाचं कर्करोगाने पोखरलेलं स्वरयंत्र संपूर्ण काढलं. कर्करोगासाठी अशी ही पहिलीच शस्त्रक्रिया. पुन्हा संगीत आलंच! बिलरोथ संगीताचा दर्दी, ब्राम्सचा जिवलग मित्र. त्याचा सहायक गुसेनबाउर याने रोग्यासाठी एक कृत्रिम स्वरयंत्र केलं. त्यात पेटीत असते तशी धातूची एक स्वरपत्ती होती. माणूस बोलू लागला. शब्द कळत, पण सगळे एकाच सुरात. काही महिन्यांनी रोग उलटला आणि तो गेला.

इथून मला या इतिहासाचं खरं दुखणं दिसतं. शल्यवैद्य माणूस वाचवतो, पण वाचा मागे राहते. स्वरयंत्र काढलं की श्वासनलिका गळ्याच्या खालच्या बाजूला भोक पाडून तिथे आणून सोडतात. श्वास तिथूनच आत, तिथूनच बाहेर. जीभ जागेवर, टाळू जागेवर, ओठ जागेवर. पेटीच्या पट्ट्या शाबूत आहेत, भाताही चालतो आहे, पण हवा भलत्याच वाटेने निघून जाते. ती हवा परत तोंडात कशी आणायची, हे शोधण्यात पुढची शंभर वर्षं गेली आणि त्यात शल्यवैद्यांच्या बरोबरीने शिक्षकांनी आणि रोग्यांनी काम केलं. बर्लिनचा हर्मान गुट्झमान, ज्याला वाचा-उपचारशास्त्राचा एक जनक मानतात, तो विसाव्या शतकाच्या आरंभी अशा रोग्यांना अन्ननलिकेतून बोलायला शिकवू लागला होता.

म्हणजे काय, ते मी घरात पाहिलं आहे. माझे एक चाचा गुळाच्या सौद्यात बोली पुकारायचे. काय आवाज होता! शे-दोनशे माणसांच्या कालव्यात त्यांची एक हाक ढेपेवर टिकाव घातल्यासारखी बसायची. सोबत विडी. १९८६ मध्ये मुंबईत त्यांचं स्वरयंत्र काढलं. घरी आले ते गळ्याला जाळीचा रुमाल बांधून, हातात पोरांची पाटी घेऊन. चाचांना लिहायला फारसं येत नव्हतं, आणि चाचींना वाचायला अजिबात नाही. त्यांच्या पाटीचा उपयोग आम्हा मुलांनाच व्हायचा. बाजारात तर त्यांना बघून लोक मोठ्याने, सावकाश बोलायचे, जणू त्यांचे कान काढले होते.

इस्पितळातल्या एका तरुण वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्यांना शिकवलं. तोंडातली हवा जिभेने मागे ढकलून अन्ननलिकेच्या तोंडाशी उतरवायची आणि ढेकर देतात तशी वर आणायची. ती येताना अन्ननलिकेचं तोंड थरथरतं. तो थरथराट म्हणजे नवा आवाज. ओठ, जीभ मग त्यातून शब्द घडवतात. प, त, क अशी अक्षरं आधी घेतात, कारण ती उच्चारतानाच थोडी हवा मागे ढकलली जाते. म्हणून बाईंचे धडे पाट, ताट, काप असे. हे ऐकून आमच्या घरातली म्हातारी माणसं अस्वस्थ झाली. जेवल्यावर ढेकर दाबायचा असतो असं शिकलेलं घर आमचं, आणि इथे एक इज्जतदार माणूस दिवसभर ढेकर काढायचा सराव करतोय. चाचा परसात जाऊन, म्हशीकडे तोंड करून सराव करायचे. तीन महिन्यांनी जेवायला बसताना ते म्हणाले, ‘ताट.’ चाची पाण्याचा तांब्या ठेवून निमूटपणे ताट घेऊन आल्या. सौद्यात मात्र ते परत गेले नाहीत. त्या आवाजाला पल्ला नव्हता.

हा आवाज सगळ्यांना जमत नाही. बऱ्याच जणांना महिनोन्‌महिने प्रयत्न करूनही येत नाही. म्हणून दुसरी वाट शोधली गेली, आणि तिची सुरुवात अंगावर काटा आणणारी आहे. १९३० च्या सुमारास शिकागोच्या एका रोग्याने बर्फ फोडायची टोचणी तापवून स्वतःच्याच गळ्यातल्या भोकातून श्वासनलिका आणि अन्ननलिकेमधला पडदा टोचला. मग गळ्यावरचं भोक बोटाने बंद केलं, की फुप्फुसातली हवा त्या छिद्रातून अन्ननलिकेत आणि तिथून तोंडात यायची. तो बोलायला लागला! त्याच्या डॉक्टरने ही हकिकत छापली. पण असं छिद्र उघडं ठेवलं तर अन्न आणि पाणी फुप्फुसात जातं. त्याला एका दिशेने उघडणारं दार हवं होतं. ते नीट बसायला आणखी जवळपास पन्नास वर्षं लागली. अमेरिकेत इंडियानापोलिसला एरिक ब्लोम हे वाचातज्ज्ञ आणि मार्क सिंगर हे शल्यवैद्य, या दोघांनी १९८० मध्ये सिलिकॉनची एक इवलीशी झडप जगापुढे ठेवली. हवा जाऊ देते, पाणी येऊ देत नाही. मला या जोडीचं महत्त्व वाटतं. एक कापणारा आणि एक बोलायला शिकवणारा, प्रथमच एका टेबलाशी बसले.

चाचांचं ऑपरेशन झालं तेव्हा ही झडप निघून सहा वर्षं झाली होती. आमच्यापर्यंत तिचं नावही आलं नाही. आलं असतं तरी परवडलं नसतं. परदेशी झडपेची किंमत हजारोंत आणि ती काही महिन्यांनी बदलावी लागते, कारण घशातल्या ओलाव्यात तिच्यावर बुरशी धरते. २०१५ च्या सुमारास बंगळुरूचे कर्करोग-शल्यवैद्य विशाल राव यांनी एका उद्योजक मित्राच्या साथीने साधारण एका डॉलरच्या किमतीत, म्हणजे पन्नास-साठ रुपयांत, अशी झडप तयार केली. ज्या देशात तंबाखूमुळे तोंडाघशाच्या कर्करोगाचे इतके रोगी आहेत, त्या देशात रुपयांचा हा फरक म्हणजे बोलणं आणि मुकं राहणं यातला फरक आहे. आपल्याकडे शिकवणारेही तयार होत आहेत. मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात वाचा-उपचाराचं शिक्षण १९६० च्या दशकापासून मिळतं. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. अली यावर जंग हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते. पण तालुक्याच्या गावी अजून वाचातज्ज्ञाची पाटी शोधून सापडत नाही.

अलीकडच्या संशोधनाची एक दिशा तर स्वरयंत्र काढायचंच टाळण्याची आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ३३२ रोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांवर नेहमीची शस्त्रक्रिया, निम्म्यांना आधी औषधं आणि मग किरणोपचार. दोन वर्षांनी दोन्ही गटांत जगलेल्यांचं प्रमाण सारखंच होतं, पण दुसऱ्या गटातल्या ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र वाचलं होतं. तिथून उपचारांची रीतच बदलली.

ज्यांचं गेलं त्यांच्यासाठी दुसऱ्याचं बसवण्याचा प्रयत्नही झाला. १९९८ च्या जानेवारीत अमेरिकेच्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मार्शल स्ट्रोम यांनी एका चाळीस वर्षांच्या माणसाला मृत दात्याचं पूर्ण स्वरयंत्र बसवलं. मोटरसायकलच्या अपघातात त्याचा आवाज वीस वर्षांपूर्वी गेला होता. तीन दिवसांनी तो ‘हॅलो’ म्हणाला. चौदा वर्षं तो त्या घशाने बोलला. मग शरीराने तो घसा नाकारला आणि २०१२ मध्ये तो काढावा लागला. २०२४ मध्ये ॲरिझोनाच्या मेयो क्लिनिकमध्ये घशाचा कर्करोग असलेल्या माणसावर असंच रोपण झालं, २१ तास चाललेलं. लोक मला विचारतात, दुसऱ्याचा घसा बसवला तर आवाज दुसऱ्याचा येतो का? फारसा नाही. आपली जीभ, आपलं टाळू, आपलं नाक, आपली बोलण्याची लकब, यांनीच आवाजाला चेहरा येतो.

आणखी एक प्रयोग २०२४ चाच, लॉस एंजलिसच्या विद्यापीठातला. गळ्यावर चिकटवायची एक लवचीक पट्टी. बोलू पाहताना गळ्याचे स्नायू जे हलतात त्यावरून वाक्य ओळखायचं आणि यंत्राने ते बोलून दाखवायचं. आठ जणांवर पाहिलं, तेही सगळे निरोगी गळ्याचे. पट्टीला पाच ठरावीक वाक्यं शिकवली होती आणि तिने शंभरात सुमारे पंचाण्णव वेळा ती बरोबर ओळखली. पाचही वाक्यं इंग्रजी. त्यांत ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ अशा अर्थाचंही एक होतं. ‘ताट’ नव्हतं.